साहेब, कुंपणाबाहेरचं तेवढं करा

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष साहाय्य,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम जय भीम.

लवकरच आमच्याकडचं एक शिष्टमंडळ मंत्रालयात येईल. शाल, पुष्पगुच्छ, निवेदन आणि निवेदनाला जोडलेलं अंदाजपत्रक असा सगळा सरंजाम असेल. मागणी असेल ध्यानकेंद्राच्या इमारतीसाठी निधीची. ती माझीच माणसं आहेत, त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. तरीही ते अंदाजपत्रक हातात पडण्याआधी माझं ऐकून घ्या. इमारतीला पैसे देऊ नका. आम्हाला तुमच्याकडून हवं ते वेगळंच आहे.

निधीतून उभी राहिलेली सभागृहं आपण दौऱ्यावर पाहतच असाल. दर्शनी भिंतीवर कोनशिला, दाराला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे यावरून वस्तीत दोन गट. टाकीला तोटी नाही, तोटीला पाणी नाही. यात ठेकेदाराचा दोष असतो तसा आमचाही असतो. वास्तू सरकारने दिली की झाडायलाही सरकारनेच यावं, असं माणसाला वाटू लागतं. ध्यानकेंद्राचं असं झालं तर ते महिनाभरही चालणार नाही, कारण तिथे भिंतींपेक्षा हात जास्त लागतात.

किती लागतात ते सांगतो. विपश्यना ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते. म्हणजे घंटा देणारा त्याआधी उठलेला असतो आणि चुलीपाशी कोणीतरी जागं असतं. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, यात पाच मिनिटं इकडेतिकडे चालत नाहीत. साधक मौनात, त्यामुळे कोणाचे गुडघे धरलेत, कोणाला भिंतीचा टेकू हवा, कोण रात्रभर खोकत होतं, हे सेवकानेच, म्हणजे शिबिरात विनामोबदला राबणाऱ्यानेच, ओळखायचं. आणि हे करता करता दिवसातून तीनदा सगळ्यांबरोबर स्वतःही ध्यानाला बसायचं. शिबिर संपलं की गाद्या उन्हात, चादरी भिजवणीला, संडास घासायला. हे शेवटचं काम कोणी करायचं ते फळ्यावरच्या यादीवरून ठरतं. आमच्याकडे एकाच रांगेतले संडास एक बँक अधिकारी, एक गवंडी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक घासत होते. आपल्या समाजात हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या गळ्यात बांधलेलं होतं, हे आपल्या खात्याला मी सांगायला नको. ते जातीवरून न ठरता यादीवरून ठरणं, ही मला त्या दहा दिवसांतली फार मोठी गोष्ट वाटते. बाजारभावाने माणसं ठेवली की ही गोष्टच गेली.

इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र याच रीतीने उभं राहिलं. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि मुंबईत पहिलं शिबिर भरलं. पुढे १९७६ पासून इगतपुरीच्या टेकडीवर शिबिरं सुरू झाली. तिथे निवास-भोजनाचं शुल्क नाही, आचार्यांना मानधन नाही, आणि दान घ्यायचं ते फक्त एक शिबिर पुरं केलेल्या माणसाकडूनच. ज्याला लाभ झाला त्यानेच पुढच्यासाठी द्यावं, हा त्यामागचा हिशेब. ही साधना कोणत्या एका संप्रदायाची नाही, असं गोयंका आवर्जून सांगत. माझ्यासारख्या बौद्ध माणसाला ते कधी कधी खटकतं, पण तो वाद घरातला आहे. दानाच्या नियमाबाबत मात्र मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. विपश्यना केंद्राबाहेरच्या विहारांनी आणि साधनागृहांनीही तो उचलावा.

आता कोणी म्हणेल, लेणी तर राजांनीच कोरवून दिली. सगळी नाही. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्याचे, म्हणजे प्रार्थनागृहाचे, खांब एकेकट्या माणसांनी दिलेले आहेत आणि त्यांची नावं त्या त्या खांबावर आहेत. दाराचं दान धेनुकाकटच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचं, आणि दाराचं काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचंही नाव तिथे कोरलेलं आहे. आजच्या कोनशिलेवर सुताराचं नाव शोधून दाखवा.

आणि राजघराण्याने दिलं तेव्हा कसं दिलं, तेही बघण्यासारखं आहे. नाशिकच्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणं तर त्याने दिलंच, पण तिथे राहणाऱ्यांचं पुढे कसं चालायचं याची तजवीजही केली. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक दराने. वर्षाचं व्याज दोनशे चाळीस, आणि त्यातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामात, असलेल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूंच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा. हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, असंही दगडात लिहून ठेवलं. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला जे सुचलं, ते आमच्या अंदाजपत्रकात मला दिसलं नाही. त्यात स्लॅब आहे, प्रवेशद्वार आहे, कारंजंसुद्धा आहे. पाचव्या वर्षी गळती काढायला पैसे कुठून येणार, याची ओळ नाही.

ती ओळ लिहिणं आमचं काम. आम्ही ते करू. रविवारी श्रमदान चालू आहेच. घमेली हातोहात पुढे जातात, आमचा गवंडी आठवड्याची एकुलती एक सुट्टी देतो, महिला मंडळाची भिशी दोनदा पायाच्या कामात गेली. पाया भरायला वेळ लागला खरा, पण त्यात कोणाचं किती हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तुमच्याकडून हवं ते कुंपणाबाहेरचं. डांबरी रस्ता केंद्रापासून बराच अलीकडे संपतो आणि पावसाळ्यात पुढची वाट चिखलात जाते. पाण्याची लाइन, विजेचे खांब, हे तर कुठल्याही वस्तीला द्यायचंच असतं. यावर जास्त लिहीत नाही, आपल्याला त्याची सवय आहे.

खरा अडसर जमिनीचा आहे. गावोगावी विहाराला किंवा साधनागृहाला जागा देतो तो बहुधा आपलाच शेतकरी, आणि त्याची जमीन पुष्कळदा महार वतनाची, म्हणजे गावकीच्या कामापोटी वंशपरंपरेने मिळालेली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली, जमिनी परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. बिनशेती कामासाठी ती दुसऱ्याच्या नावे करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि वर नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम. म्हणजे माणूस जमीन फुकट देतोय, आणि दान पोचवण्यासाठी पैसे भरायचे. हेतू चांगला होता, गरिबाची जमीन कोणी लाटू नये. पण सार्वजनिक न्यासाला केलेल्या दानाला तीच चाळणी लावली की फाइल तलाठ्याकडून प्रांताकडे आणि प्रांताकडून परत तलाठ्याकडे अशी फिरत राहते, आणि दाता म्हातारा होत जातो. तो गेला की वारसांच्या सह्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. त्या वतनाची शर्त आज त्यांच्याच अनुयायांच्या विहाराआड यावी, हे महसूल खात्याला समजावून सांगणारं सरकारात दुसरं कोण आहे? नोंदणीकृत न्यासाला दान दिलेल्या अशा जमिनीचा नजराणा माफ करा, आणि परवानगीला मुदत घाला. जमीन पुढे विकली किंवा वापर बदलला तर सरकारजमा करा, तीही अट घाला. आमची हरकत नाही.

दुसरी मागणी वेळेची. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी रजेची सोय आहे. ती चांगली आहे, अनेकांनी तिचा लाभ घेतला. पण शिबिरात बसणाऱ्याची सोय झाली तरी त्याच्यासाठी पहाटे उठणाऱ्याचं काय? आज बहुतेक सेवक निवृत्त आहेत, आणि सत्तरीतल्या माणसाने मोठी भांडी किती दिवस उचलायची? आमच्याकडे एक परिचारिका आहे, एक तलाठी आहे, जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षिका आहेत. शिबिर करून झालेलं, सेवेची इच्छा भरपूर, पण किरकोळ रजा घरच्या आजारपणातच संपते. शिबिरासाठी मिळणारी रजा पूर्ण दहा दिवस सेवा देणाऱ्यालाही मिळेल, केंद्राचं प्रमाणपत्र जोडावं, एवढंच शासन निर्णयात लिहायचं आहे. त्याला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही. हा निर्णय पुढच्या वर्षावासाआधी निघाला तर त्या चौघांची नावं आम्ही फळ्यावर टाकू.

आपला,
एक सेवक