निवाऱ्यातल्या कुत्र्यांसाठी माणसांची साखळी हवी

महोदय,

गेल्या पावसाळ्यात खानापूर रस्त्यावर मागचा पाय मोडलेली एक काळी कुत्री सापडली. पोत्यावर घालून, ओळखीच्या भाजीच्या टेम्पोतून तिला बेळगावच्या निवाऱ्यात नेले. पाय वाचला, पण पुढे ठेवायला तिथे जागा नव्हती. मग तीन आठवडे ती वडगावात आमच्या मागाच्या शेडमध्ये राहिली. सूनबाईंचा रुसवा दोन दिवस टिकला, नंतर माझ्याआधी त्याच भाकरी घालू लागल्या.

निवाऱ्याचे अडते ते माणसांपाशी. निपाणीहून बेळगाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर; एकाने संकेश्वरपर्यंत आणले, तिथून दुसऱ्याने उचलले, तर कुणाचाच दिवस मोडत नाही. कुणी गाडी द्यावी, कुणी महिनाभर अंगण, कुणी नुसता फोन सांभाळावा. केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झालेले रस्त्यावरचे कुत्रे सहसा जिथून उचलले तिथेच सोडतात. घर शोधायचे ते लंगड्या, आंधळ्या, मालकाने टाकलेल्यांसाठी.

यात भाषेचा वाद नको. आमची काळी ‘ये’ म्हटले तरी येते, कन्नडमध्ये ‘बा’ म्हटले तरी.

खानापूर, निपाणीकडच्या इच्छुकांनी आपल्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव देऊन ठेवावे. नावांची पहिली वही मी सुरू करते.

– एक वाचक, वडगाव, बेळगाव