झेल सुटल्यावर उठलेला हात

मा. संपादक,
स. न.

गेल्या आठवड्यात साताऱ्यात एक शालेय बेसबॉल सामना बघायला गेलो होतो. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर, एकही आऊट नाही. बॅटरने मारलेला चेंडू दुसऱ्या बेसच्या आसपास उंच उडाला. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर, आरामात खाली येऊन उभा राहिला आणि झेल ग्लोव्हला लागून सुटला. पंच गप्प. दुसऱ्या बेसवरचा पोरगा जीव खाऊन पळाला, तिसऱ्याच्या अलीकडेच टॅग झाला, म्हणजे चेंडू घेतलेल्या फिल्डरने त्याला स्पर्श करून बाद केलं. मग पंचांचा हात वर गेला, ‘इनफिल्ड फ्लाय!’ म्हणजे आतल्या भागातल्या फिल्डरला सहज झेलता येईल असा उंच चेंडू, झेल सुटला तरी बॅटरही आऊट. शेजारच्या ताई म्हणाल्या, “अहो, कॅच तर सुटला की!” क्रिकेटवर वाढलेल्या गावात हे कोणीही विचारणारच.

झेल सुटला की बॅटर धावतो आणि पुढच्या रनरना बेस सोडावाच लागतो. म्हणून फिल्डरने मुद्दाम झेल सोडायचा आणि एका चेंडूत दोघे बाद करायचे, ही चलाखी रोखायला १८९५ मध्ये हा नियम आला. निदान पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर रनर असताना, दोन आऊट होण्याआधीच तो लागू होतो. बॅटर आऊट जाहीर झाला की रनरवर पळायची सक्ती राहत नाही. इथे चलाखी कुणाचीच नव्हती, तरी दोघे गेले, केवळ हाक उशिरा आली म्हणून.

मीही पंच म्हणून उभा राहिलोय. चेंडू बघू की पोरं बघू, अशी गत होते. चेंडू चढत असताना घाई नकोच. अजिंक्यताऱ्याच्या बाजूने वारा सुटला तर तो कुठे उतरेल सांगता येत नाही. पण तो शेंड्याला पोचला की नजर फिल्डरवर हवी. तो स्थिर झालाय, सहज झेलेल असं वाटलं, की बोट वर आणि खणखणीत आवाज. ‘सहज’ म्हणजे मोठ्या लीगमधल्या खेळाडूला सहज नव्हे. नियमपुस्तक त्या पातळीवरच्या सरासरी खेळाडूचं कौशल्य धरतं, मैदान आणि हवामानही बघायला सांगतं. चौदा वर्षांच्या मुलांसाठी हे माप वेगळंच लागणार.

मोठ्यांचंही चुकतं. ५ ऑक्टोबर २०१२ ला अमेरिकेत अटलांटात, ब्रेव्ह्ज–कार्डिनल्स या व्यावसायिक संघांच्या सामन्यात, पंच सॅम होलब्रूक यांनी चेंडू पडता पडता हात वर केला. चेंडू होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) सव्वादोनशे फुटांवर पडला होता. प्रेक्षकांनी बाटल्या भिरकावल्या, खेळ १९ मिनिटं थांबला, ब्रेव्ह्जची तक्रार फेटाळली गेली. अंतरावरून लोक अजून भांडतात. नियमात चेंडू कुठवर चालेल याची गवताची किंवा अंतराची रेष नाही, त्यामुळे तिथे मी पंचांच्या बाजूने आहे. वेळेबाबत मात्र नाही.

आपल्याकडे एवढं तरी व्हावं: अशी स्थिती आली की पुढचा चेंडू टाकला जाण्याआधीच पंचांनी एकमेकांना खूण करावी, आणि हाक बेसवरच्या पोरांना ऐकू जाईल अशी द्यावी.

तो टॅग झालेला पोरगा नंतरच्या डावात पुन्हा दुसऱ्या बेसवर होता. चेंडू उडाला, तेव्हा तो बेसला चिकटून पंचांच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या वेळी दोन आऊट होते. त्याने पळायलाच हवं होतं.

— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा