ताई, त्या अर्ध्या दाण्यासाठी मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, अभ्यास कर" म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, बायनोमियल (इतक्या दाण्यांतले नेमके किती उगवतील याची शक्यता काढायचं गणित) म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनाही वाचता येईल.

पेरणीच्या आधी आप्पांनी घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी घेतली, दरवर्षीसारखीच, ओल्या गोणपाटावर १०० दाणे, गुंडाळून सावलीत ठेवले आणि मोजले तर ६४ उगवलेले. बियाण्याला ७० टक्के लागतात हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे आप्पा म्हणाले हे बियाणं गेलं, आता विकत आणावं लागणार. मी तुला मेसेज केला, की बियाणं खरंच ७० टक्क्यांचं असेल तरी १०० मधे ६४ च उगवले असं होऊ शकतं का गं?

तू एका ओळीत उत्तर देऊ शकली असतीस. पण आधी विचारलंस दाणे कुठल्या पोत्यातले, वरवरचे घेतले की आतलेही, फुटके बाजूला काढले का, बुरशी एका कोपऱ्यातून पसरत गेली होती का. मला वाटलं ही गणित सोडून शेतीचं काय विचारत बसलीय, पण गणित तिथूनच सुरू होत होतं, प्रत्येक दाण्याची उगवायची शक्यता सारखी हवी आणि एकाचा दुसऱ्यावर परिणाम नको, हे नसेल तर बायनोमियलच्या सूत्राला हात लावू नकोस म्हणालीस. वर्गात हे एक वाक्य असतं आणि सगळे ते ओलांडून पुढे जातात.

मग मला १० दाण्यांवर आणलंस. दहाच्या दहा उगवायची शक्यता म्हणजे ०.७ चा दहावा घात, ०.०२८२, आणि तिथून एकेक पायरी खाली फक्त गुणोत्तराने उतरायचं, नऊची ०.१२११, आठची ०.२३३५, सातची ०.२६६८, फॅक्टोरियलची (एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या गुणाकाराची) गरजच नाही. १०० चं फॅक्टोरियल तसंही साध्या कॅल्क्युलेटरवर येत नाही, ६९ च्या पुढे गेलं की एरर. पण आपल्याला हवी होती ६४ किंवा त्याहून कमीची शक्यता, म्हणजे शून्यापासून ६४ पर्यंत ६५ पदांची बेरीज, आणि इथे तू नॉर्मल आणलंस, म्हणजे एवढ्या बेरजेऐवजी घंटेच्या आकाराचा एक सलग वक्र.

सरासरी ७०, व्हेरियन्स १०० गुणिले ०.७ गुणिले ०.३ म्हणजे २१, त्याचं वर्गमूळ स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरतात ते, ४.५८. सरळ ६४ ठेवलं तर झेड (सरासरीपासून किती स्टँडर्ड डेव्हिएशन दूर) उणे १.३१, शक्यता ०.०९५१. मग म्हणालीस दाणे मोजून येतात पण हा वक्र सलग आहे, ६४ चा खांब ६३.५ पासून ६४.५ पर्यंत पसरलाय, तो अख्खा धर. ६४.५ ठेवलं, झेड उणे १.२, शक्यता ०.११५१. आणि मग लॅपटॉपवर ६५ पदं खरोखर बेरीज करून दाखवलीस, ०.११६१! त्या अर्ध्या दाण्याने जवळजवळ सगळा फरक भरून काढला. पुस्तकात त्याला कंटिन्युइटी करेक्शन म्हणतात, मी ते नुसतं पाठ केलं होतं, का करायचं ते तू दाखवलंस.

म्हणजे चांगलं बियाणंही साधारण नऊतल्या एका चाचणीत ६४ किंवा कमी दाखवेल. एवढ्यावर पोती बाद करायची नाहीत. प्रयोगशाळा ४०० दाणे का घेतात तेही तेव्हाच कळलं, ४०० मधे तेच ६४ टक्के म्हणजे २५६ आले असते तर शक्यता ०.००५ च्या आसपास, तिथे मात्र शंका घ्यायलाच हवी. आम्ही सगळ्या पोत्यांतून, वरून-खालून दाणे काढून शंभर-शंभरचे चार गुंडाळे केले, २७४ उगवले. ७० टक्क्यांच्या बियाण्यात एवढे येणं अगदी साधं आहे, पण त्याने ७० टक्के सिद्ध होत नाही हेही तूच बजावलंस, म्हणून आप्पांनी तेच बियाणं पेरलं पण थोडं वाढवून.

द म्वाव्र या गणितज्ञाने १७३३ मधे लंडनला नॉर्मलचं हे गणित पहिल्यांदा काढलं, कॉम्प्युटर नसताना, शक्यता निम्मी असलेल्या केससाठी, आणि लाप्लासने पुढे ते कुठल्याही शक्यतेला लागू केलं, हे तू जाता जाता सांगितलंस ते मला फार आवडलं.

आणि सगळ्यात मोठं थँक्यू नॉर्मलवर आंधळा विश्वास ठेवू दिला नाहीस म्हणून. १० दाण्यांत पाच किंवा कमीची शक्यता बायनोमियल आणि नॉर्मल दोन्हीकडे ०.१५०३ येते, मी खूश, तर लगेच टोकाला नेलंस, दहाच्या दहा उगवायची खरी शक्यता ०.०२८२ आणि नॉर्मल सांगतो ०.०४२३. न उगवणारे सरासरी तीनच, मग वक्र त्या बाजूला बसणार कसा.

आता पुढचा प्रश्न तयार ठेवलाय. २० दाणे आणि न उगवायची शक्यता फक्त ०.०५ असेल तर एकही वाया न जाण्याची खरी शक्यता ०.३५८५ आहे, नॉर्मल ०.३०४ म्हणतो, आणि पॉयसन (क्वचित घडणाऱ्या गोष्टींच्या शक्यतेचं सूत्र) ०.३६७९. पॉयसन इथे इतका जवळ का येतो ते दिवाळीला आलीस की समजावून सांग, वही घेऊन बसते.

तुझी,
धाकटी