दादरची गाडी दादरला न्या

मा. रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसलोय. जमेल असं वाटत नाही.

परवा सकाळी कोकण रेल्वेची, ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनला जाणारी पॅसेंजर आमच्या लहानशा स्टेशनात आली तीच दारापर्यंत भरून. चौऱ्याहत्तर वर्षांची आई, तांदळाची पिशवी, आमसुलांचा डबा आणि मी. आतल्या बायकांनी आईला हात देऊन ओढून घेतलं, त्यांचे उपकार. मी सामान आत ढकलतोय तोच गाडी हलली. आई गाडीत, तांदूळ गाडीत. तिच्या बीपीच्या गोळ्या आणि मोबाइल माझ्या खांद्याला!

पूर्वीची गोष्ट असती तर एवढा घोर लागला नसता. ही गाडी दादरला जायची, भावाचं घर तिथून चालत दहा मिनिटं. 2020 मध्ये कोरोनात गाड्या थांबल्या आणि पुन्हा धावल्या तेव्हा आमची गाडी दिव्यातच संपू लागली. म्हणे लोकलच्या वेळापत्रकात अडथळा येतो. बरं. मग दादरहून गोरखपूरला गाडी सुटते, तिचा अडथळा कसा होत नाही? त्या प्रवाशांशी आमचं भांडण नाही, त्यांचेही आईबाप गावीच आहेत. आम्हाला फक्त तुमचं गणित कळत नाही.

भाऊ लोकलने दिव्याला पोचेपर्यंत आई तांदळाच्या पिशवीवर बसून होती. दोन तास तरी. त्याला बघून पहिला प्रश्न, "अरे, दादर गेलं कुठं?"

मी निवेदन दिलंय, साहेब. पोच मिळाली. ती लॅमिनेट करून ठेवलीय, कारण एवढंच हाताला लागलं.

पावसाळी वेळापत्रकाबद्दल तक्रार नाही. दरडी येतात, गाड्या हळू चालवाव्याच लागतात. पण ऐन उन्हाळ्यात पॅसेंजर साइडिंगला घालून तीन-तीन गाड्या पुढे काढता, त्याला कुठला पाऊस? रोहा ते वीर सोडलं तर आमच्याकडे अजून एकेरीच रूळ. दहाचं किमान तिकीट तीस केलंत तेव्हा मात्र एका रात्रीत झालं. खाली आणायला 2024 उजाडलं. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन 2015 चं. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आता कॉलेजात बसतील.

मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस या तुमच्या आधीच्या रेल्वेमंत्र्यांनी हट्टाने ही रेल्वे आणली, गावोगावच्या लोकांनी जमिनी दिल्या. 1998 मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा आई रुळाला हळदकुंकू वाहून आली होती. आता त्याच रुळावरून लांबच्या गाड्या शिट्टी मारत जातात आणि आम्ही फलाटावरून डबे मोजतो. मत मागायला मात्र सगळे पक्ष आमच्या स्टेशनात थांबतात, तिथे थांबा रद्द होत नाही.

पुढच्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मुंबईत. परत आणताना डोळ्यावर पट्टी असेल. गाडी दादरहून सुटणार की दिव्याहून, तेवढं कळवा. पोच नको.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातला एक प्रवासी