रेकॉर्ड प्लेअर घेताना सुईचा भार विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील भेटवस्तूंच्या यादीत सूटकेससारख्या पेटीतला रेकॉर्ड प्लेअर होता. रंग, ब्लूटूथ आणि किंमत दिली होती. सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकते, कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारा भाग) कोणत्या जातीचे, ७८चा (मिनिटाला ७८ फेऱ्यांचा) वेग आहे का, यांतले काहीच नव्हते. विकत घेणाऱ्याला मात्र आधी तेच कळायला हवे.

या पेट्यांत सहसा सिरॅमिक कार्ट्रिज असते आणि सुईचा भार ५ ग्रॅमच्या आसपास. एलपीसाठी (३३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्डसाठी) बनवलेली चांगली कार्ट्रिजे दीड ते साडेतीन ग्रॅमवर चालतात. 'एकदा वाजवली की रेकॉर्ड गेली' असे सांगतात ती अतिशयोक्ती आहे, पण भार कमी-जास्त करायला सुईच्या हाताच्या मागे वजनच नसते आणि सुई झिजली तरी तीच वर्षानुवर्षे फिरत राहते. शिवाय स्पीकर त्याच हलक्या पेटीत. तबल्याचा जोरदार बायाँ आला की पेटी थरथरते आणि सुई उडते. ग्राहक दोष रेकॉर्डला देतो.

त्याहून आधीचा प्रश्न म्हणजे घरात रेकॉर्ड आहेत कोणत्या? मराठी घरांतल्या माळ्यावर एलपी आणि ४५च्या छोट्या ईपींबरोबर बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या नाट्यपदांच्या ७८च्या लाखेच्या तबकड्याही निघतात. त्यांची खाच रुंद असते. तिला सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची सुई लागते, तर एलपीला साधारण ०.७ मिलची. एलपीची सुई ७८वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. उलट ७८ची सुई एलपीवर ठेवलीत तर खाचेचे नुकसान होते. त्यामुळे यंत्रावर ७८चे बटण दिसले एवढ्यावर खूश होऊ नये, सुईही हवी.

फक्त एलपी-ईपी असतील आणि बजेट वीस हजारांच्या आत असेल, तर ऑडिओ-टेक्निकाचे एटी-एलपी६०एक्स पुरेसे आहे. बेल्टवर चालते, सुईचा हात आपोआप उचलला जातो, प्रीअँप (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आतच आहे. त्याचे कार्ट्रिज बदलता येत नाही, सुई मात्र मिळते. ७८ वाजत नाही. लाखेच्या तबकड्याही ऐकायच्या असतील तर पैसे साठवून त्याच कंपनीच्या एलपी१२०एक्सकडे जावे. ३३, ४५, ७८ हे तिन्ही वेग आहेत, हातामागचे वजन फिरवता येते आणि हेडशेल (हाताच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा तुकडा) निघते. ७८चे कार्ट्रिज दुसऱ्या हेडशेलवर बसवून ठेवायचे. बदलताना भार मात्र दर वेळी नव्याने लावावा लागतो.

चोर बाजारातले जुने यंत्र वाईटच असते असे नाही. पण अमेरिकेतून आलेला, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या एसी मोटरचा जुना टर्नटेबल दिसला की जपून. ती मोटर ६० हर्ट्झसाठी असते, आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. तबकडी एक षष्ठांशाने हळू फिरते आणि (हार्मोनियमच्या पट्टीत सांगायचे तर) काळी दोनमधले गाणे पांढरी एकच्याही किंचित खाली उतरते. त्यावर मोटरला ५० हर्ट्झची पुली (बेल्ट किंवा चाक फिरवणारी कप्पी) लागते आणि ती मिळेलच असे नाही. दुकानातच तपासणी करता येते. थाळीवर कागदाचा तुकडा चिकटवून ३३चा (नेमका ३३⅓) वेग लावा आणि घड्याळ धरा. ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. ८३च्या आसपास झाले तर समजायचे काय ते. शिवाय सुईच्या हाताचा सांधा बोटाने हलवून ढिला आहे का पाहावे, आणि थाळी रबरी चाकाने फिरवणारे यंत्र असेल तर त्या चाकाच्या दर फेऱ्याला 'धप धप' येते का ऐकावे. चाक एका जागी दबून कडक झाल्याची ती खूण.

जोडणीत सर्वांत जास्त गोंधळ प्रीअँपचा होतो. एलपीच्या चांगल्या (मॅग्नेटिक) कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, आणि रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी व वरचे स्वर जास्त केलेले असतात. प्रीअँप सिग्नल वाढवतो आणि तो तोलही सरळ करतो. प्रीअँपशिवाय अँप्लिफायरच्या 'ऑक्स' या साध्या इनपुटमध्ये लावले तर आवाज बारीक आणि किरटा येतो. उलट टर्नटेबलचे बटण 'लाइन'वर (आतला प्रीअँप चालू) ठेवून वायर अँप्लिफायरच्या 'फोनो'त (जिथे अँप्लिफायरचा स्वतःचा प्रीअँप असतो) घातली तर आवाज फाटतो. 'फोनो'त लावायचे असेल तर बटणही 'फोनो'वर हवे. सतत 'हूं' ऐकू येत असेल तर आधी ग्राउंडची वायर तपासावी.

एलपी१२०एक्ससारख्या यंत्रावर सुईचा भार लावताना घाई नको. सुईचे झाकण काढा, अँटिस्केट (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून हाताला बाहेरच्या बाजूने दिलेला ताण) शून्यावर, सुईचा हात मोकळा. मागचे वजन फिरवत न्या. हात कुठेही न टेकता आडवा तरंगला की थांबा. हात अडकवून फक्त आकड्यांची चकती शून्यावर आणा, मागचे वजन हलू न देता. मग दोन्ही एकत्र फिरवून २ ग्रॅम. एलपी१२०एक्सबरोबरच्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला तेवढाच भार सांगितला आहे. अँटिस्केटही २. बरेच जण रेकॉर्ड जपायची म्हणून भार १ ग्रॅमवर ठेवतात. सुई खाचेत नीट बसत नाही, 'स' आणि 'श' फाटतात, आणि उडत्या सुईनेच खाच जास्त खराब होते. ही सुई साधारण ३०० तास चालते, म्हणजे चारशेच्या आसपास एलपी. नंतर बदलायचीच.

जुन्या चाळीत लाकडी फळ्यांवर टेबल ठेवले तर चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला सुई उडते. तिथे भिंतीतला ब्रॅकेट बरा. स्पीकर त्याच टेबलावर नकोत. पावसाळ्यात कव्हरांच्या आत बुरशी धरते, म्हणून रेकॉर्ड बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत, उभ्या ठेवाव्यात, पण खिडकीच्या उन्हातही नको. एलपी डिस्टिल्ड पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून पुसता येते. लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावू नये, लाख विरघळते.

पुढच्या वेळी अशी यादी छापताना किमतीशेजारी चार गोष्टी द्याव्यात, ही विनंती: सुईचा भार, कार्ट्रिजचा प्रकार, बदली सुईचा नंबर, आणि ७८ चालते की नाही. विक्रेत्यांनीही त्या खोक्यावर छापाव्यात. बदली सुईचा नंबर ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.

आपला,
एक रेकॉर्ड-संग्राहक, गिरगाव, मुंबई