चिनी पाहुण्यांना सोलापूरची वाट दाखवा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ पासून केंद्र सरकारने चिनी नागरिकांना पर्यटन व्हिसा देणं पुन्हा सुरू केलं आणि ऑक्टोबरात दोन्ही देशांमधली थेट विमानंही उडू लागली. दिल्ली, आग्रा, बोधगया या ठिकाणी चिनी पर्यटक कोणी न बोलावताही जातील. सोलापूरला मात्र त्यांना बोलवावं लागेल. ते बोलावणं शासनाने करावं, एवढ्यासाठी हे पत्र.

साहेब, आमच्याकडे बोलवायला कारणही आहे आणि ते दुसऱ्या कुठल्या शहराकडे नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते गेले. बाकीचे चौघे परतले, हे तिथेच राहिले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या सैनिकांवर त्यांनी आघाडीजवळच्या खेड्यांतून शस्त्रक्रिया केल्या, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले, तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले तेव्हा वय अवघं ३२, आणि मुलगा तान्हा होता. त्याचं नाव यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

चीनमध्ये त्यांना ‘के दिहुआ’ म्हणून ओळखतात. हबेई प्रांतातल्या शिजियाझुआंगमध्ये त्यांची समाधी आहे, पुतळा आहे, त्यांच्या नावाचं वैद्यकीय विद्यालय आहे. २०१४ मध्ये शी जिनपिंग भारतात आले तेव्हा कोटणीसांच्या बहिणीला आवर्जून भेटले. इतक्या मोठ्या देशात ज्याला मान आहे त्याचं जन्मघर आमच्या भैय्या चौकात उभं आहे, स्मारक म्हणून जपलेलं आहे. तिथे राजदूत येतात, शिष्टमंडळं येतात, हार घालतात, फोटो काढतात आणि तासाभरात पुण्याच्या रस्त्याला लागतात. सुट्टी घालवायला, सहकुटुंब, स्वतःच्या पैशाने येणारा चिनी माणूस मात्र क्वचितच दिसतो.

मी इथे पर्यटकांना गाड्या पुरवण्याचा व्यवसाय करते. व्हिसा बंद होण्याआधीच्या एका हिवाळ्यात एक वयस्कर चिनी जोडपं माझ्या गाडीत होतं. बाईंनी स्मारकाच्या उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला, अगदी आपल्याकडच्या एखाद्या आजीसारखा. नंतर जेवताना त्यांनी गरम पाणी मागितलं. हॉटेलातल्या पोराला वाटलं, आंघोळीला हवंय. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या फोनमधलं अॅप इथे चालेना. रात्री पहिल्या लॉजने ‘फॉरेनर नको’ म्हणून परत पाठवलं. कारण एकच, सी फॉर्म. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, आणि ती करायची कशी हे त्या मालकाला कोणी शिकवलेलंच नव्हतं. माणसं वाईट नव्हती. पण ज्यांच्या भूमीत आपला डॉक्टर निजला आहे त्या लोकांना खोलीसाठी दारोदार फिरावं लागावं, याची मला फार लाज वाटली.

म्हणून माझं मागणं जाहिरातीच्या आधी तयारीचं आहे. शहरातल्या हॉटेल-लॉजवाल्यांना एका दिवसाच्या प्रशिक्षणात ही ऑनलाइन नोंद शिकवता येईल. खोलीत पाणी तापवायची किटली ठेवायला खर्च किती येतो? परदेशी पाहुण्यांसाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ वॉलेट आहे, त्याची माहिती चिनी भाषेत स्मारकापाशी आणि रेल्वे स्टेशनवर लावा. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात चिनी संभाषणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढा आणि त्यातून निघालेल्या मुलामुलींना गाइडचा परवाना द्या. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू एकाच गल्लीत ऐकत वाढलेली ही पोरं आहेत, चौथी-पाचवी भाषा त्यांना जड जाणार नाही.

आणि पाहुणा दोन रात्री राहावा असं इथे पुष्कळ आहे. तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, भीमा-सीनेच्या संगमावरचं हत्तरसंग कुडल. मला विचाराल तर पूर्व भागातले माग सगळ्यांत आधी दाखवा. नक्षी विणायच्या जेकार्ड यंत्राची भोकं पाडलेली कार्डं एकामागून एक सरकतात आणि खाली चादरीवर मोराचा पिसारा ओळीओळीने उमटत जातो. हे पाहून कोणी चादर घेतल्याशिवाय निघेल असं मला वाटत नाही. शेंगाचटणीबद्दल तर बोलायलाच नको. जगात सर्वाधिक शेंगदाणा पिकवणाऱ्या देशातली ही माणसं, चव त्यांना परकी नाही.

रस्ताही आयता आहे. अजिंठा-वेरूळ पाहून छत्रपती संभाजीनगरहून राष्ट्रीय महामार्ग ५२ ने थेट सोलापूर, पुढे शंभरेक किलोमीटरवर विजापूरचा गोलघुमट. ही सहल राज्याच्या पर्यटन महामंडळाने, म्हणजे एमटीडीसीने, स्वतः आखावी आणि दर मे महिन्यात शांघायला भरणाऱ्या ‘आयटीबी चायना’ या पर्यटन मेळ्यात मांडावी. चिनी लोक सहल ठरवतात ती वीचॅट आणि शाओहोंगशू या अॅपवर, फेसबुकवर नव्हे. आपली माहिती तिथे हवी.

सीमेवर जे घडलं ते आम्ही विसरलेलो नाही. गलवानमधल्या जवानांचं दुःख आमचंही आहे. पण संरक्षण हे दिल्लीचं काम आहे आणि ते तिने चोख करावं. व्हिसा घेऊन कोटणीसांच्या घरी येणाऱ्या कुटुंबाचं आदरातिथ्य हे आमचं काम आहे.

चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची मोठी सुट्टी १ ऑक्टोबरपासून असते आणि कोटणीसांची जयंती १० ऑक्टोबरला. त्या दहा दिवसांत सोलापुरात ‘कोटणीस सप्ताह’ भरवावा, त्यासाठी जिल्हा नियोजन समितीतून स्वतंत्र तरतूद व्हावी, आणि आपण एकदा हॉटेलचालक, विणकर, गाडीवाले यांच्यासोबत सोलापुरात बैठक घ्यावी, ही विनंती. तारीख कळवा, माणसं जमवायची जबाबदारी आमची.

आपली नम्र,
सोलापूरची एक वाहन व्यावसायिक