एसटीचे तिकीट माफ, पण घर ते स्थानक?

संपादक महोदय,

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. मी त्याचा पुरेपूर लाभ घेतो. आधार कार्ड दाखवले की कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट हातावर ठेवतो आणि मी साताऱ्याला बहिणीकडे पोचतो. अडचण त्याच्या आधीची आहे. पुण्यात कोथरूडमधल्या घरातून स्वारगेटचे एसटी स्थानक गाठायचे कसे?

काचबिंदूमुळे स्कूटर सोडली. पंचावन्नीनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवे करावे लागते. यंदा मुदत संपली तेव्हा मी त्या फंदात पडलोच नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. आयडियल कॉलनीला बसायचे आणि जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. लिफ्ट आहे, डबा आणि फलाट एका पातळीत. गुडघ्यांची तक्रार नाही. पण आमच्या गल्लीपासून स्थानक सव्वा किलोमीटर, आणि तेवढ्यासाठी रिक्षावाले नुसती मान हलवतात. मीटरचा पहिला टप्पाच दीड किलोमीटरचा, म्हणजे किमान भाडे तर मिळणारच. पण त्यांना हवे असते हडपसरचे, लांबचे गिऱ्हाईक. मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, अ‍ॅपवरून बोलवा." बोलावतो की! रिक्षा नकाशावर दारात असते, प्रत्यक्षात मागच्या गल्लीत, आणि मी चष्मा बदलून ओटीपी वाचेपर्यंत चालकाचा पारा चढलेला असतो.

राहिली बस. थांबा घरापासून जवळ आहे, पण त्याच्यापुढे दुचाकींची रांग आणि एक टेम्पो, बाराही महिने. त्यामुळे बस थांबते ती रस्त्याच्या मध्येच. बस बुटकी असली तरी तिची पायरी फुटपाथवरून चढायला सोपी, डांबरावरून नाही. शेजारच्या आजी आधी पिशवी आत ठेवतात, मग दांडा धरून स्वतःला वर ओढतात. तोवर मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू. एकदा मी चालकाला विचारले, बाबा रे, कडेला का घेत नाहीस? म्हणाला, "आजोबा, कडा दाखवा, घेतो." यावर काय बोलणार?

नव्या सवलती जाहीर होतील तेव्हा होवोत. बाजारपेठेत 'नो पार्किंग'च्या पाटीखालच्या दुचाकी उचलणारा टेम्पो वाहतूक पोलिसांनी बस थांब्यांपुढूनही फिरवावा, आणि बसच्या लांबीएवढी जागा पट्टे मारून मोकळी ठेवावी. मेट्रो स्थानकांपासून आतल्या गल्ल्यांत फिरणाऱ्या छोट्या बस वाढवाव्यात आणि त्यांच्या वेळा मोबाइलवर नव्हे, थांब्यावर मोठ्या अक्षरांत लावाव्यात. दवाखाने आणि मंडईजवळच्या थांब्यांपासून सुरुवात केली तरी आमची ना नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड, पुणे